पितळेचा गंज फळीवर ठेवल्या ठेवल्या तडकतो, तेव्हा काय तपासावे

उन्हाळ्याच्या लगीनसराईत आंदणासाठी घेतलेला हातघडणीचा पितळी गंज (स्वयंपाकाचे भांडे) भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकासाठी माळ्यावरून खाली काढावा आणि त्याच्या काठापासून पोटापर्यंत उभी चीर गेलेली दिसावी, ही तक्रार नागपुरात भांड्यांच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. भांडे हातातून पडलेले नसते, त्यावर काही आदळलेले नसते, कित्येकदा ते एकदाही चुलीवर चढलेले नसते. गिऱ्हाईक दुकानदाराला दोष देते, दुकानदार कारागिराला देतो आणि कारागीर पत्रा विकणाऱ्याला देतो. 'यंदा पत्राच ठिसूळ आला' या उत्तरावर सगळे थांबतात, कारण ते सर्वांनाच सोयीचे असते. पुढच्या वर्षी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून पत्रा घेतला जातो आणि पाऊस लागला की पुन्हा दोनचार भांडी परत येतात.

पत्रा खरोखरच वाईट निघाल्याची उदाहरणे आहेत, परंतु ती कमी आहेत, आणि वाईट पत्रा आपला दोष बहुधा ऐरणीवरच दाखवतो, विक्रीनंतर दोन महिन्यांनी नाही. घडून, घासून, चकचकीत होऊन विकले गेलेले भांडे स्वस्थ बसल्या जागी तडकत असेल, तर त्याचे कारण ठोकणीमुळे धातूत कोंडून राहिलेला ताण आणि त्या ताणाला पावसाळ्यात मिळालेली अमोनियाची जोड हे असते. ताण काढून टाकला तर भांडे तडकत नाही. तो काढण्यासाठी घडणीच्या शेवटी एक मंद तापणी पुरेशी असते, आणि नेमकी तीच आज बहुतेक ठिकाणी गाळली जाते, कारण ती दिली काय आणि न दिली काय, दुकानात ठेवलेले भांडे दिसायला सारखेच दिसते.

आधी चीर नीट पाहावी

उपाय करण्यापूर्वी चीर कोणत्या प्रकारची आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण तीन निरनिराळ्या कारणांनी पडणाऱ्या चिरा एकाच नावाने ओळखल्या जातात आणि एकीचा उपाय दुसरीला लावला जातो.

पहिली चीर हातोडीखाली पडते. ती काठावर असते, आखूड असते, एकटी नसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा धातू ठोकून पातळ झालेला, किंचित वळलेला दिसतो. पितळ थंड असताना ठोकले की ते कडक होत जाते, आणि ठरावीक मर्यादेनंतर पसरण्याऐवजी फाटते. ही मर्यादा जवळ आल्याची सूचना हाताला आधीच मिळते: हातोडी उसळू लागते, आवाज चढतो आणि तितक्याच जोराच्या घावाने पूर्वीइतका पत्रा सरकत नाही. या वेळी थांबून भांडे पुन्हा तापवून मऊ करून घेतले नाही, तर काठ फाटणारच. गोल चकती कातरीने कापल्यावर कडेला जी बारीक करवती कड राहते ती कानशीने साफ केली नसेल, तर फाटण्याची सुरुवात तेथूनच होते. या दोन गोष्टी सांभाळल्या की ही चीर बंद होते, आणि जुन्या कारागिरांना हे शिकवावे लागत नाही.

दुसरी चीर भट्टीत पडते. तिचे दोन प्रकार आहेत. पुष्कळ ठोकलेले आणि म्हणून आतून ताणलेले पितळ एकदम तीव्र आचेत घातले, किंवा गॅसच्या बत्तीची ज्योत एकाच जागी रोखली, तर एक भाग फुगतो, शेजारचा थंड राहतो आणि आधीच्या ताणात ही नवी भर पडून भांडे ऊब घेता घेताच तडकते. कारागीर म्हणतो की भांडे आगीत फुटले, आणि ते खरेही असते, परंतु दोष उष्णतेपेक्षा घाईचा असतो. दुसरा प्रकार शिशाचा आहे. नळाच्या तोट्या, व्हॉल्व्ह आणि यंत्रावर कातलेले सुटे भाग ज्या पितळेचे असतात त्यात कातकाम सुलभ व्हावे म्हणून मुद्दाम शिसे घातलेले असते, साधारण तीन टक्क्यांपर्यंत. असे भंगार वितळवून ओतलेल्या पितळेवर तापलेल्या स्थितीत घाव घातला, तर धातूच्या कणांच्या सीमांवर साचलेले शिसे तोवर वितळलेले असल्याने ते पितळ तुकड्यातुकड्यांनी सुटते. स्वयंपाकाच्या भांड्यासाठी असे पितळ वापरणे आरोग्याच्या दृष्टीनेही चुकीचे आहे, तेव्हा येथे उपाय शोधत बसण्याचे कारण नाही. ते पितळ बाजूला ठेवावे.

तिसरी चीर हा या लेखाचा विषय आहे. ती एकटी किंवा फार तर दोनतीन असते, उभी असते, काठापासून किंवा गळ्यापासून खाली उतरते, आणि सुरुवातीला इतकी बारीक असते की बोट फिरवून कळत नाही, नख फिरवल्यावर जेमतेम अडखळते. चिरेच्या दोन्ही कडा पातळ झालेल्या नसतात, वाकलेल्या नसतात. पत्रा मूळच्या जाडीचाच असतो आणि सरळ दुभंगलेला दिसतो. चीर थोडी उघडून आत पाहिले तर फुटलेला पृष्ठभाग ताज्या पितळेसारखा पिवळा नसून काळपट असतो, कारण ती एका क्षणात पडलेली नसते, आतल्या आत हळूहळू सरकत आलेली असते. भांडे उचलून टिचकी मारली तर ठणठणीत नादाऐवजी बद्द आवाज येतो. पुष्कळदा गळ्याच्या दोन्ही कडा एका पातळीत राहत नाहीत, एक किंचित पुढे आणि एक मागे सरकते. ही शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे, कारण बंद भांड्यात दाबून ठेवलेली ओढ सुटल्याशिवाय कडा जागेवरून हलत नाहीत.

एक खबरदारी मात्र घ्यावी. बूड आणि पोट वेगळे घडून डाग देऊन, म्हणजे दुसरा धातू वितळवून, जोडलेल्या भांड्यात जोड सुटला तरी चीर दिसते. ती जोडाच्या रेषेनेच जाते, म्हणून भांडे आतून घासून जोड कोठे आहे हे आधी पाहावे आणि मगच पुढील विचार करावा.

ताण येतो कोठून आणि पावसाळाच का

पत्र्यावर हातोडीचा घाव बसतो तेव्हा घाव बसलेली बाजू पसरू पाहते आणि तिच्यामागचा थर तिला धरून ठेवतो. घाव संपल्यावरही ही झटापट संपत नाही. पत्र्याच्या एका थरात दाब आणि दुसऱ्यात ओढ अशी स्थिती कायमची राहून जाते. गंजाचा किंवा गुंडाचा (पाणी भरण्याच्या भांड्याचा) गळा आवळताना तर संपूर्ण काठच मुळापेक्षा लहान वर्तुळात कोंबला जातो, त्यामुळे गळ्याभोवती ओढ सर्वाधिक असते. शेवटी शोभेसाठी आणि मजबुतीसाठी जी मठार, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या घावांची नक्षी, दिली जाते ती पूर्णपणे थंड पत्र्यावर दिली जाते, आणि तिच्यानंतर भांडे पुन्हा आगीजवळ जात नाही. म्हणजे भांडे सर्वाधिक ताणलेले असते तेव्हाच ते तयार समजले जाते.

येथे हेही सांगितले पाहिजे की बाजारात 'हातघडणीचे' म्हणून मिळणारी पुष्कळ भांडी खरे तर लेथवर साच्याला दाबून काढलेली असतात आणि त्यांवर वरून मठार मारलेली असते. त्यात काही पाप नाही, भांडे चांगले असू शकते. परंतु लेथवर दाबल्याचा ताण आणि मठारीचा ताण असे दोन्ही त्यात एकत्र होतात, आणि तडकण्याच्या तक्रारींत अशा भांड्यांचा वाटा मोठा आहे असे माझे निरीक्षण आहे.

केवळ ताणाने भांडे फुटत नाही. वैशाख-ज्येष्ठात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि तीच ताणलेली भांडी फळीवर निमूट बसलेली असतात. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, हवेत ओल येते, धातूवर दिसणार नाही असा पाण्याचा थर बसतो आणि आसपासचा अमोनिया त्या थरात विरघळतो. अमोनिया तांब्याला सहज विरघळवतो, आणि ताणलेल्या पितळेत तो मुख्यतः कणांच्या सीमांवरून आत शिरतो. ताण ती वाट उघडी ठेवतो, अमोनिया ती पुढे पोखरतो. दोघांपैकी एक जरी नसला तरी चीर पुढे जात नाही.

हा शोध भांड्यांवरून लागलेला नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात कोठारात पडल्या पडल्या तडकत असत. काडतुसाचे पितळ सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्ताचे, खोल दाबून काढलेले, म्हणजे ताणाने भरलेले. साठा तबेल्यांच्या जवळ असे, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेतून त्यावर बसत असे. पावसाळ्याच्या ऋतूत होते म्हणून इंग्रजीत या दोषाला ऋतूवरूनच नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचे कारण अमोनिया आणि उरलेला ताण असे मांडले, आणि कमी उष्णतेवर तापवून ताण काढणे हा उपाय प्रचारात आला. कारखान्यात बनणाऱ्या पितळी वस्तूंना तो आजही लागू आहे; हातघडणीच्या भांड्यांपर्यंत तो पोहोचलेला नाही एवढेच.

तबेला आता कोणाकडे आहे, असे विचारले जाईल. परंतु विदर्भातील घरात अमोनियाची वाण नाही. गावाकडे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत भांडी ठेवलेली असतात. पेरणीच्या दिवसांत युरियाची पोती त्याच खोलीत उतरतात, आणि युरिया ओला झाला की त्यातून अमोनिया सुटतो. शहरात मोरी आणि संडासाला लागून असलेला माळा, मांजरांचा वावर असलेली अडगळ आणि काचा पुसण्याचे काही द्राव एवढे पुरेसे आहे. आणि एक उगम तर भांड्याच्या धंद्यातच आहे: कल्हई करताना वापरला जाणारा नवसागर. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की त्याचे विघटन होऊन अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, तिने धातूवरचा मळ सुटतो आणि कथील पसरते. परंतु तो पांढरा धूर थंड होताना पुन्हा नवसागर होऊन भांड्याच्या बाहेरच्या अंगावर, कडीच्या रिव्हेटाभोवती आणि काठाच्या दुमडीत बसतो. काठात तार घालून तो वळवलेला असेल तर त्या फटीतला नवसागर वरवरच्या धुण्याने निघत नाही, आणि पुढे ओल धरून तेथेच काम करीत राहतो.

तांब्याच्या भांड्यात हा प्रकार जवळजवळ दिसत नाही, कारण त्याला बळी पडण्याची पितळेची प्रवृत्ती जस्ताच्या प्रमाणाबरोबर वाढते. पंधरा टक्क्यांपेक्षा कमी जस्त असलेल्या मिश्रधातूंना धोका थोडा असतो, सत्तर-तीसच्या पितळेला पुष्कळ, आणि बाजारात स्वस्त पडणाऱ्या त्रेसष्ट-सदतीसच्या पितळेला त्याहून जास्त. पत्रा घेताना पावतीवर हे प्रमाण लिहून मागावे. आयएस ४१० या भारतीय मानकात पितळी पत्र्याच्या प्रती जस्ताच्या प्रमाणानुसार दिलेल्या आहेत, त्यामुळे ही मागणी काही विचित्र नाही. तांब्याची घागर तडकली असेल तर कारण वेगळीकडे शोधावे. बहुधा ती धुरकट, हवा कमी पडलेल्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवलेली असते. साध्या तांब्यात थोडा प्राणवायू ऑक्साइडच्या रूपाने असतो, आणि अशा ज्योतीतील हायड्रोजन त्याच्याशी संयोग पावून धातूच्या आत वाफ तयार करतो, जिच्या दाबाने तांबे आतून पोकळ आणि ठिसूळ होते.

खात्री करून घेण्याच्या दोन रीती

आपल्या कारखान्यातील भांड्यांत ताण राहतो आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पॉलिशपर्यंत तयार झालेले, परंतु डागी म्हणून बाजूला काढलेले एखादे भांडे घ्यावे, काठावर दोन बोटांच्या अंतराने सुईने दोन खुणा कराव्यात, त्यांमधील अंतर मोजावे आणि त्या दोहोंच्या मधून हॅक्सॉने काठापासून खाली वीतभर उभा काप द्यावा. काप देताना पाते अडकू लागले, किंवा काप पूर्ण झाल्यावर खुणांमधील अंतर आधीच्या मापापेक्षा ठळकपणे बदलले, तर भांड्यात ताण आहे. गळा आवळलेल्या भांड्यात काप उघडतो, आणि तो किती उघडतो हे पाहिल्यावर फारसे समजावून सांगावे लागत नाही. मी कोणत्याही कारागिराला आधी हीच चाचणी दाखवतो, कारण तोंडी चर्चेत पत्र्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही.

दुसरी रीत अमोनियाची आहे. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात तळाशी एका काचेच्या वाटीत अमोनियाचे द्रावण ठेवावे, वर जाळीवर एक पूर्ण लोटी किंवा लहान गंज द्रावणाला स्पर्श होणार नाही असा ठेवावा आणि एक दिवसभर झाकून ठेवावे. नंतर भांडे सौम्य आम्लाने साफ करून भिंगाखाली गळा, काठ आणि रिव्हेटांची भोके पाहावीत. ताण असेल तर चिरा दिसतात. भांड्याचा कापलेला तुकडा या चाचणीला उपयोगी नाही, कारण कापताच बराच ताण सुटून गेलेला असतो. हे काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून करावे, आणि तपासलेले भांडे पुन्हा विक्रीला न ठेवता भंगारात टाकावे. जुन्या पुस्तकांतून पाऱ्याच्या क्षाराची एक चाचणी दिलेली असते. ती जलद आहे, पण स्वयंपाकाची भांडी बनतात त्या जागेत पारा आणूच नये.

शेवटची तापणी

उपाय असा की सगळी ठोकणी, मठार, काठ वळवणे आणि कडीचे रिव्हेट संपल्यानंतर, परंतु पॉलिश आणि कल्हईपूर्वी, भांडे २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान सुमारे एक तास ठेवावे आणि सावकाश थंड होऊ द्यावे. या उष्णतेत ताण सुटतो, मात्र ठोकणीने आलेला कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण तापणीला होणारा मुख्य विरोध याच मुद्द्यावर होतो: 'मठार मारून कडक केलेले भांडे पुन्हा आगीत घातले तर लोण्यासारखे होईल.' ते मऊ होते ते चारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे. तीनशेच्या आत राहिल्यास काठ दाबून पाहिला तरी फरक हाताला कळत नाही.

अडचण उष्णता मोजण्याची असते, कारण तीनशे अंशांपर्यंत पितळ लाल होत नाही आणि डोळ्याचा अंदाज येथे चालत नाही. ज्याच्याकडे तापमापक नाही त्याने दोन धातूंचा उपयोग करावा. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पितळेच्या एका टाकाऊ पट्टीवर कल्हईच्या कथलाचा एक दाणा आणि शिशाचा एक दाणा ठेवून ती पट्टी भांड्याच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवावी. कथील वितळून चकाकले पाहिजे आणि शिसे आपल्या जागी घट्ट राहिले पाहिजे. भांड्यावर प्रत्यक्ष शिसे ठेवण्याचा मोह कधीही करू नये. कथील वितळल्यानंतर थोडीशीच आच वाढवून तेथे स्थिर ठेवली की आपण योग्य पट्ट्यात असतो.

तापवण्याची जागा बंद असली पाहिजे. जाड पत्र्याची झाकणाची पेटी, तळाशी विटा, विटांवर लोखंडी जाळी आणि जाळीवर पालथी भांडी, अशी रचना पुरते. ज्योत पेटीच्या बुडाला लागावी, भांड्याला नाही. आच अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू चढवावी, कारण ताणलेले पितळ घाईने तापवल्यास ते आगीतच फुटते हे वर आलेच आहे. लोट्या-वाट्यांसाठी घरगुती ओटीजी (विजेची छोटी भट्टी) अडीचशे अंशांवर थोडा अधिक वेळ ठेवल्यासही काम होते. मोठ्या मालासाठी काही जण हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतील पावडर कोटिंगवाल्यांकडे चौकशी करतात, परंतु ती भट्टी साधारणपणे १८० ते २०० अंशांवर चालते आणि ते या कामाला अपुरे आहे. लोखंडी भागांना पाणी दिल्यानंतर त्यांचा कडकपणा उतरवणाऱ्या उष्मोपचार कारखान्याची भट्टी योग्य ठरते.

तापणीतून निघालेल्या भांड्यावर तांबूस-तपकिरी छटा येते. ती चिंच-मिठाने, पितांबरीने किंवा पाच-दहा टक्क्यांच्या गंधकाम्लात बुडवून निघते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि भांडे लोखंडी सांडशीने आम्लात धरू नये, अन्यथा द्रावणात उतरलेले तांबे भांड्यावर बसून लाल डाग पडतात. हे लाल डाग पाहूनही पत्र्याला दोष देणारे लोक आहेत.

तापणीनंतर भांड्यावर पुन्हा हातोडी चालवू नये. वाहतुकीत आलेला पोचा काढण्यासाठी दिलेले चार घावही तेवढ्या जागेत नवा ताण निर्माण करतात, आणि महिनाभराने चीर बरोबर त्या जागी दिसते. पोचा काढलाच तर भांडे पुन्हा तापणीला घालावे.

कल्हई हीच तापणी होत नाही काय, असे पुष्कळ जण विचारतात. कल्हईच्या वेळी बूड कथलाच्या वितळण्यापर्यंत तापते हे खरे, पण ते काही मिनिटांपुरते, आणि गळा व काठ, जेथे ताण सर्वाधिक, त्या मानाने थंडच राहतात. शिवाय त्याच वेळी नवसागर भांड्यावर बसतो. म्हणून कल्हई झाल्यावर भांडे आतबाहेर गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुवावे, काठाची दुमड आणि कडीची मुळे ब्रशने घासावीत, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन लगेच फडक्याने कोरडे करावे आणि उन्हात ठेवावे. कल्हईवाला जे थंड पाण्यात बुचकळून देतो तेवढ्यावर भागवू नये.

घडणीतील मधल्या तापण्यांविषयी

शेवटची तापणी दिली म्हणून मधल्या तापण्यांत हयगय चालत नाही. मऊ करण्यासाठी पितळ अंधुक लाल होईपर्यंत तापवले की पुरे. नागपूरच्या उन्हात हा रंग दिसतच नाही, आणि अंगणात भट्टी मांडणारे कारागीर लाली दिसेपर्यंत आच वाढवत नेतात, तोवर धातू शेकडो अंश पुढे गेलेला असतो. जस्ताचा पांढरा धूर निघू लागला म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली आहे; तो धूर छातीलाही बाधतो आणि रात्री थंडी-ताप भरतो. फार तापलेल्या पितळेचे कण मोठे होतात आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उमटतो, जो कितीही बफ मारला तरी जात नाही. हे काम छपराखाली, सावलीत करावे. मऊ झालेले पितळ काळे पडेपर्यंत थांबून मग पाण्यात घालावे, आणि अर्धवट गरम असताना त्यावर ठोकू नये.

तडकलेल्या भांड्याचे काय करावे

चीर लहान असेल तर भांडे वाचवता येते, परंतु क्रम चुकवू नये. प्रथम संपूर्ण भांड्याला वर सांगितलेली मंद तापणी द्यावी. ती न देता सरळ डाग द्यायला घेतल्यास बत्तीच्या उष्णतेने चीर पुढे धावते, आणि बोटभर असलेली चीर हातभर झाल्याचे मग सांगत बसावे लागते. तापणीनंतर भिंगाने चिरेचे टोक शोधून तेथे बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे खरे टोक असते, तेव्हा भोक किंचित पुढेच घ्यावे. नंतर चीर कानशीने साफ करून टाकणखार लावून डाग द्यावा. डागासाठी चांदीचा मिश्रधातू वापरायचा असल्यास तो कॅडमियमविरहित आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी, आणि कथील-शिशाची साधी झाळ स्वयंपाकाच्या भांड्याला लावू नये. डागाच्या उष्णतेने आसपासचा पत्रा मऊ पडतो. त्याला पुन्हा कडक करण्यासाठी ठोकणी केली तर पुन्हा तापणी आलीच, म्हणून मऊ पडलेला भाग तसाच ठेवणे मी पसंत करतो.

चीर बुडापर्यंत गेली असेल किंवा गळ्याभोवती तीनचार चिरा असतील, तर दुरुस्तीची मजुरी वाया जाते. असे भांडे मोडीत द्यावे.

विकून गेलेल्या आणि न तडकलेल्या भांड्यांसाठीही काही करता येते. त्याच घडणीतील शिल्लक माल दुकानात असेल तर आषाढ लागण्यापूर्वी तो तापणीसाठी परत घ्यावा. पॉलिश पुन्हा करावे लागते, पण एक बदली भांडे देण्यापेक्षा तो खर्च कमी पडतो. कल्हई झालेली भांडी मात्र या रीतीने परत तापवू नयेत, कारण अडीचशे अंशांना कथील वितळून खाली ओघळते. त्यांची कल्हई पुढे झिजून नव्याने करायची वेळ येईल तेव्हा, आधी तापणी आणि मग कल्हई, असा क्रम धरावा. गिऱ्हाइकाला द्यायच्या सूचनाही थोड्याच आहेत: भांडी धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवावीत, वर्तमानपत्रात ओलसर गुंडाळू नयेत, आणि युरियाची पोती, गोठा व मोरी यांपासून लांबच्या खोलीत ठेवावीत. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीची भांडी असतील तर मूठ काढल्याशिवाय ती तापणीला घालता येत नाहीत, म्हणून अशा भांड्यांत मूठ बसवण्याचे काम तापणीनंतर, रिव्हेटऐवजी स्क्रूने करावे. रिव्हेट ठोकताना भोकाभोवती जो ताण येतो त्यातूनच या भांड्यांच्या बहुतेक चिरा सुरू होतात.